संशोधन अणुभट्टी मोडीत निघाल्यावर तिच्या किरणोत्सारी कचऱ्याचे काय होते?

अर्धायुषी (धागाकर्ता)

अणुकचऱ्याविषयीच्या चर्चा बहुधा वीजनिर्मितीच्या मोठ्या भट्ट्यांभोवती फिरतात. या धाग्याचा विषय मात्र संशोधन अणुभट्ट्या हा आहे. त्या आकाराने कितीतरी लहान असल्या तरी मोडीत काढताना अनेकदा मोठ्या भट्ट्यांपेक्षा अधिक डोकेदुखी ठरतात. न्यूट्रॉनांचे झोत मिळवण्यासाठी, औषधोपचारात लागणारी समस्थानिके तयार करण्यासाठी आणि नव्या धातूंची कसोटी घेण्यासाठी जगभरात अशा ८०० हून अधिक भट्ट्या आजवर बांधल्या गेल्या आणि त्यांपैकी साधारण सव्वादोनशेच आज चालू आहेत. बंद पडलेल्यांतील बहुसंख्य भट्ट्या १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या आहेत. बांधणाऱ्याने मोडणाऱ्याचा विचार आराखड्यातच करून ठेवावा, ही रीत तेव्हा रुजलेली नव्हती.

माझे म्हणणे आधीच मांडतो. भट्टी कापून काढणे हे आता तंत्रज्ञानाच्या आवाक्यातले काम आहे. पाण्याखाली चालणारे प्लाझ्मा कटर, हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेची करवत आणि दुरून चालवायचे यांत्रिक हात यांच्या साहाय्याने ते अनेक ठिकाणी पार पडले आहे. घोडे अडते ते दोन जागी. निघालेल्या तुकड्यात नेमके काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगता आले तरी तो कायमचा कुठे ठेवायचा हे ठरलेले नसते.

सुरुवात पहिल्याच भट्टीपासून करू. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे पहिली नियंत्रित शृंखला अभिक्रिया घडली. ती भट्टी १९४३ मध्ये उतरवून शहराबाहेरच्या वनक्षेत्रात शिकागो पाइल-२ या नावाने पुन्हा रचण्यात आली, आणि तिच्या शेजारी जड पाण्यावर चालणारी शिकागो पाइल-३ उभी राहिली. १९५४ मध्ये दोन्ही बंद झाल्या. इंधन आणि जड पाणी काढून नेल्यावर तिसऱ्या भट्टीच्या कवचात काँक्रीट ओतण्यात आले, शेजारी मोठा खड्डा खणून ते कवच त्यात लोटण्यात आले आणि वर माती ओढण्यात आली. जवळच्याच दुसऱ्या एका जागी प्रयोगशाळेचा कचरा १९४० च्या दशकात चर खणून पुरला होता. १९७३ मध्ये त्या परिसरातल्या सहलीच्या जागांवरील विहिरींच्या पाण्यात ट्रिशियम आढळले. प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली होते, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. तरीही पुरले म्हणजे विषय मिटला, ही त्या काळची समजूत अवघ्या तीस वर्षांत पाण्यातून वर आली.

कचरा तयार होतो तो दोन वाटांनी. पहिली वाट माखण्याची आहे : इंधनाच्या आवरणातून सुटलेले सीझियम किंवा शीतकातून वाहत आलेला गंज नळ्या, टाक्या आणि जमिनी यांच्या पृष्ठभागावर बसतो. हा थर घासून, आम्लाने धुऊन किंवा खरवडून बऱ्याच अंशी काढता येतो. दुसऱ्या वाटेत न्यूट्रॉन पदार्थाच्या अणुकेंद्रकात शिरतो आणि पदार्थच किरणोत्सारी होतो. पोलादातल्या कोबाल्टचे कोबाल्ट-६० झाले, तर ते धातूच्या संपूर्ण जाडीत असते आणि तिथे धुण्याचा काही उपयोग नसतो.

एकूण किरणोत्साराचा प्रचंड मोठा हिस्सा, साधारण ९९ टक्के, वापरलेल्या इंधनात असतो, म्हणून मोडण्याच्या कामात इंधन सर्वांत आधी बाहेर काढले जाते. त्यानंतर जे उरते ते विविध असते. ॲल्युमिनियमच्या टाक्या, ग्राफाइटचे ठोकळे, बेरिलियमचे परावर्तक, कॅडमियमच्या पट्ट्या, शिशाचे आडोसे, बराइट मिसळलेले जड काँक्रीट, आयन-विनिमय करणारी राळ, कधी ॲस्बेस्टॉसही. वीजनिर्मितीच्या भट्ट्या पुष्कळशा एकाच साच्यातून निघाल्यासारख्या असतात. संशोधन भट्टी मात्र चालू असतानाच सतत बदलत गेलेली असते, कारण बदल करून पाहणे हेच तिचे काम होते.

कचरा कायमचा ठेवायच्या जागेच्या, म्हणजे त्याच्या पत्त्याच्या प्रश्नाचे उदाहरण म्हणून डेन्मार्क घ्या. त्या देशात अणुवीज नाही. रिसो येथे तीन संशोधन भट्ट्या होत्या आणि त्यांतली सर्वांत मोठी, १० मेगावॉटची डीआर-३, २००० मध्ये बंद झाली. मोडण्याचे काम पद्धतशीर चालले आहे. परंतु तेथील विशेष कचऱ्यात २३३ किलो वापरलेले इंधन आहे आणि त्याला कायमची जागा नाही. २०१८ मध्ये तेथील संसदेने ठरवले, की कचरा जास्तीत जास्त २०७३ पर्यंत सुरक्षित साठवायचा आणि तोवर खोल भूगर्भातली जागा शोधायची. केवळ २३३ किलो इंधन, आणि त्यासाठी अर्ध्या शतकाहून अधिक मुदत! वजन अल्प आहे म्हणून प्रश्नही अल्प असेल असे मानणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

यावर जाणकारांनी आणि जिज्ञासूंनी लिहावे, अशी विनंती.

ताळेबंद

लेख माहितीपूर्ण आहे. एक शंका विचारतो. भट्टीची संपूर्ण इमारत जर मोडीत निघत असेल, तर त्यातले सगळेच काँक्रीट आणि सगळेच पोलाद किरणोत्सारी कचरा मानले जाते का? तसे असेल तर साठवणीचा खर्च कल्पनेपलीकडे जाईल. तसे नसेल, तर रेषा कोण आणि कशाच्या आधारावर आखते?

अर्धायुषी

सगळे मानले जात नाही, आणि मानूही नये. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये कचऱ्याचे सहा वर्ग मांडले : नियमनातून मुक्त, अत्यंत अल्पायुषी, अत्यंत अल्प पातळीचा, अल्प पातळीचा, मध्यम पातळीचा आणि उच्च पातळीचा. भट्टीच्या इमारतीतून निघणारे बहुतांश काँक्रीट पहिल्याच वर्गात मोडते, कारण गाभ्याभोवतीच्या संरक्षक भिंतीचा फक्त आतला थर न्यूट्रॉनांनी बदललेला असतो आणि बाहेरचा भाग साध्या इमारतीच्या काँक्रीटसारखाच राहिलेला असतो.

मुक्ततेची रेषा अशी आखली आहे, की असा पदार्थ बाहेर पडल्यामुळे कोणाही व्यक्तीला वर्षाला किरणोत्साराची साधारण १० मायक्रोसिव्हर्टहून (सिव्हर्ट हे शरीराला मिळणारी मात्रा मोजण्याचे एकक) अधिक मात्रा मिळू नये. निसर्गातून प्रत्येकाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. या निकषावरून प्रत्येक समस्थानिकासाठी मर्यादा काढल्या गेल्या. कोबाल्ट-६० आणि सीझियम-१३७ यांसाठी ती दर ग्रॅमला ०.१ बेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन), कार्बन-१४ साठी १ आणि ट्रिशियमसाठी १०० आहे. तुलनेसाठी सांगतो, साध्या मातीत पोटॅशियम-४० मुळे दर ग्रॅमला सरासरी ०.४ बेक्वेरेल इतका किरणोत्सार असतो.

उलटतपासणी

कागदावर हे पटते. परंतु मुक्त केलेले पोलाद भंगारात जाते, भंगारातून वितळून कुठेही पोहोचते आणि नंतर त्याचा माग काढणे अशक्य होते. मेक्सिकोतल्या हुआरेझ येथे १९८३ मध्ये हेच घडले होते. रुग्णालयाच्या उपकरणातले कोबाल्ट-६० चे दाणे भंगारात गेले, त्यापासून बांधकामाच्या सळया आणि टेबलांचे पाय तयार झाले. जानेवारी १९८४ मध्ये असा माल घेऊन निघालेला एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेजवळून गेला आणि तिथल्या संवेदकाने इशारा दिला, म्हणून ते उघडकीस आले. योगायोगावर विसंबून राहणाऱ्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणावे का?

मोजणीदार

हुआरेझचे उदाहरण योग्य आहे, परंतु ते या प्रश्नाला पूर्ण लागू होत नाही. तो स्रोत कोणत्याही मोजणीविना बाहेर पडला होता, तर भट्टीतले पोलाद मोजूनच बाहेर पडते. मी काही वर्षे मोडणीच्या कामात मोजमापाच्या बाजूला होतो, त्यामुळे खरी अडचण कुठे आहे ते सांगू शकतो.

कोबाल्ट-६० आणि सीझियम-१३७ तीव्र गॅमा किरण सोडतात. ते पिंपाच्या बाहेरून, पिंप फिरवत ठेवून मोजता येतात. निकेल-६३, कार्बन-१४ आणि ट्रिशियम फक्त दुर्बळ बीटा कण सोडतात, आणि ते कण पिंपाच्या पत्र्यातूनही बाहेर येत नाहीत. लोह-५५ चे क्षीण क्ष-किरणही तसेच. त्यांच्यासाठी नमुना विरघळवून, रासायनिक रीतीने वेगळा करून प्रयोगशाळेत मोजावा लागतो, आणि ते प्रत्येक पिंपासाठी करणे शक्य नसते. म्हणून गुणोत्तराची पद्धत वापरतात. काही नमुन्यांमध्ये कोबाल्ट-६० च्या तुलनेत निकेल-६३ किती आहे ते शोधायचे आणि पुढे केवळ कोबाल्ट मोजून बाकीच्यांचा हिशेब करायचा.

वीजनिर्मितीच्या भट्टीत हे गुणोत्तर चांगले टिकते, कारण तिथले पोलाद, पाणी आणि कामाचा वेग वर्षानुवर्षे सारखा असतो. संशोधन भट्टीत मात्र एका खिडकीपाशी दहा वर्षे नुसते न्यूट्रॉन-विवर्तनाचे प्रयोग झालेले असतात, तर शेजारच्या नळीत कोणीतरी इंधनाचे तुकडे तापवून फोडून पाहिलेले असतात. दोन हातांच्या अंतरावर गुणोत्तर बदलते. एका ठिकाणी झोताच्या नळीच्या मागे बसवलेला एक डाट, म्हणजे बूच, आम्हाला सापडला. त्याचे नाव कोणत्याही नकाशात नव्हते आणि नोंदवहीत त्या वर्षाची पाने फाटलेली होती. त्याच्यात काय भरले आहे हे ठरवायला जेवढा काळ लागला, तेवढ्या काळात शेजारची अख्खी टाकी कापून झाली होती. धागाकर्त्यांचा पहिला मुद्दा मला म्हणूनच पूर्ण मान्य आहे.

उलटतपासणी यांच्या आक्षेपातला एक भाग मात्र उरतो, आणि त्यावर वितळवणे हा चांगला उपाय आहे. स्वीडनमधल्या स्टुडस्विक येथे असे पोलाद वितळवण्याची सोय आहे. वितळताना सीझियम बाष्प होऊन गाळणीतल्या धुळीत अडकते, युरेनियम रसावर जमणाऱ्या मळीत जाते आणि कोबाल्ट धातूतच राहतो. मुख्य फायदा मोजणीचा होतो, कारण वितळलेला रस एकजीव असतो आणि त्यातला एक छोटा नमुना संपूर्ण ओतकामाचे प्रतिनिधित्व करतो. गंजलेल्या नळीच्या वाकणात काय दडले आहे हा प्रश्नच उरत नाही.

उलटतपासणी

खुलाशाबद्दल आभार. धातू वितळवून मोजण्याची बाजू मला ठाऊक नव्हती. मोजणी कोण तपासते हा माझा प्रश्न मात्र कायम आहे. मोजणारा आणि मोडणारा एकाच संस्थेचे नसावेत, एवढे तरी सर्वत्र पाळले गेले पाहिजे.

द्रावणी

मूळ लेखात ॲल्युमिनियमचा नुसता उल्लेख झाला आहे. या धातूची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण संशोधन भट्ट्यांचा हा खास पदार्थ आहे आणि कचऱ्याच्या दृष्टीने तो दुतोंडी आहे.

भट्टीच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या करण्याचे कारण असे, की त्यातून न्यूट्रॉन फारसे अडत नाहीत आणि शुद्ध ॲल्युमिनियमपासून तयार होणाऱ्या ॲल्युमिनियम-२८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, सव्वादोन मिनिटांचेच आहे. भट्टी बंद केल्यावर तासाभरात ते नाहीसे होते आणि धातूतल्या अशुद्धींतून आलेले जस्त-६५, लोह-५५ आणि कोबाल्ट-६० तेवढे मागे राहतात. किरणोत्साराच्या दृष्टीने हा गुणी धातू आहे.

मात्र अल्प आणि मध्यम पातळीचा कचरा सिमेंटमध्ये बसवण्याची जी सर्वत्र रूढ रीत आहे, तिच्याशी याचे अजिबात जमत नाही. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ॲल्युमिनियम त्यात विरघळते आणि हायड्रोजन सोडते. हिशेब केला तर एक किलो ॲल्युमिनियम पूर्णपणे विरघळल्यास सामान्य दाबाला सुमारे १.२४ घनमीटर हायड्रोजन निघतो. एवढा वायू बंद पिंपात कोंडला तर काय होईल हे सांगायला नको. सिमेंटचा ठोकळा फुगतो, तडकतो, आणि ज्या ठोकळ्याने कचऱ्याला शेकडो वर्षे धरून ठेवायचे तोच पहिल्या काही महिन्यांत भेगाळतो.

यावर दोन दिशांनी काम झाले आहे. पहिली म्हणजे धातू वितळवून त्याची मोठी लगड करणे, म्हणजे वजन तेच राहते पण सिमेंटला लागणारा पृष्ठभाग कितीतरी घटतो. दुसरी म्हणजे नेहमीच्या सिमेंटऐवजी मॅग्नेशियम फॉस्फेटचे, कमी अल्कधर्मी सिमेंट वापरणे. स्वित्झर्लंडमध्ये व्यूरेनलिंगेन येथील डिओरिट ही जड पाण्याची भट्टी मोडताना ॲल्युमिनियम वितळवण्याचा मार्ग घेतला गेला. त्याच कामात ग्राफाइटबाबत एक शहाणपणाची युक्ती केली गेली. ते दळून, गाऱ्यात वाळूच्या जागी मिसळून, इतर कचऱ्याच्या पेट्यांतल्या पोकळ्या भरण्यासाठी वापरण्यात आले. कचऱ्याने कचरा बांधल्यामुळे ग्राफाइटसाठी वेगळ्या पेट्या लागल्या नाहीत. अशा कल्पना मोठ्या निधीतून येत नाहीत, पिंपे मोजत बसलेल्या माणसांना सुचतात, असे माझे प्रांजळ मत आहे.

ताळेबंद

ग्राफाइटचा उल्लेख आला म्हणून विचारतो. १९५७ मध्ये ब्रिटनमधल्या विंडस्केल येथे लागलेली आग ग्राफाइटमुळेच होती ना? मग ते दळणे धोक्याचे नाही का?

द्रावणी

विंडस्केलच्या भट्ट्या संशोधनासाठी नव्हत्या, लष्करी प्लुटोनियमसाठी होत्या, परंतु प्रश्न रास्त आहे. कमी तापमानाला न्यूट्रॉनांचा मारा झालेल्या ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू आपल्या जागेवरून ढळतात आणि त्या विस्कटलेल्या रचनेत ऊर्जा साठून राहते. तिला विग्नर ऊर्जा म्हणतात. मारा झाला त्या तापमानापेक्षा साधारण ५० अंश अधिक तापवले की ती सुटू लागते, आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचा जोर सर्वाधिक असतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये ही ऊर्जा मुद्दाम सोडवण्याची प्रक्रिया चालू असतानाच आग लागली.

हवेने थंड होणाऱ्या जुन्या संशोधन भट्ट्यांच्या ग्राफाइटमध्येही ही ऊर्जा असू शकते. म्हणून प्रत्येक भागातले नमुने घेऊन, ते तापवून किती उष्णता सुटते ते मोजतात. सिमेंट घट्ट होताना स्वतःही तापते, हे लक्षात ठेवून एकावेळी किती गारा ओतायचा ते ठरवावे लागते. दळण्याने ही ऊर्जा वाढत नाही. धुळीची काळजी मात्र घ्यावीच लागते.

नवोदिता

मी या विषयात नवखी आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. किरणोत्सार काळाबरोबर आपोआप घटत असेल, तर इंधन काढून भट्टीला कुलूप लावून पन्नास वर्षे थांबणे सोपे आणि स्वस्त नाही का?

अर्धायुषी

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. यावर तज्ज्ञांतही अनेक वर्षे वाद झाले आहेत. थांबण्याच्या बाजूने मुख्य साक्षीदार कोबाल्ट-६० आहे. त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे, त्यामुळे ३० वर्षांत ते जवळजवळ पन्नासाव्या हिश्शावर येते आणि ५३ वर्षांत हजाराव्या. कापणाऱ्या कामगारांना मिळणारी मात्रा मुख्यतः त्याच्यामुळे असते, म्हणून मोठ्या भट्ट्यांसाठी थांबण्यात अर्थ असू शकतो.

परंतु काँक्रीटकडे पाहा. त्यात दहा लाखांत एक भाग या पातळीवर युरोपियम असते आणि त्याला न्यूट्रॉन गिळण्याची विलक्षण भूक असते. त्यातून तयार होणाऱ्या युरोपियम-१५२ चे अर्धायुष्य साडेतेरा वर्षे आहे, त्यामुळे ३० वर्षांनीही पाचवा हिस्सा शिल्लकच राहतो. पोलादातले निकेल-६३ शंभर वर्षांत निम्मे होते. चांदी मिसळलेल्या नियंत्रक दांड्यांत तयार होणाऱ्या दीर्घायुषी चांदी-१०८ ला निम्मे होण्यासाठी चारशेहून अधिक वर्षे लागतात. ग्राफाइटमधल्या कार्बन-१४ ला ५७३० वर्षे आणि क्लोरीन-३६ ला सुमारे ३ लाख वर्षे लागतात. तिथे पन्नास वर्षे थांबून काहीही हाती लागत नाही.

मोजणीदार

त्यात भर घालतो. किरणोत्सारापेक्षा वेगाने घटते ती माणसांची स्मृती. लहान संशोधन भट्टी चालवणारे चाळीस-पन्नास लोक असतात. त्यांतले दहा-बारा जण निवृत्त झाले, की कोणती नळी कुठे फुटली होती आणि कोणत्या खोलीत काय सांडले होते हे कोणालाच सांगता येत नाही. वर सांगितलेल्या डाटाविषयीची माहिती अखेर एका निवृत्त यंत्रकाराच्या आठवणीतून मिळाली. आणखी दहा वर्षांनी तीही मिळाली नसती.

कुलूपबंद इमारतीचे छपर गळते, वायुवीजन आणि पहारा चालू ठेवावा लागतो आणि त्या खर्चाकडे कोणाचे लक्ष नसते. ब्रिटनमधल्या हार्वेल येथील बेपो ही हवेने थंड होणारी भट्टी १९६८ मध्ये बंद झाली, आणि तिचा गाभा पुढे कित्येक दशके जागेवरच राहिला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या मानकांत तात्काळ मोडणीला प्राधान्य आहे. भट्टी जागेवरच काँक्रीटमध्ये गाडून टाकणे हा नियोजित पर्याय मानू नये, अपवादात्मक प्रसंगीच त्याचा विचार व्हावा, असेही तिथे म्हटले आहे. शिकागोचा धडा शेवटी नियमात उतरला, असे म्हणता येईल.

खडकवाचक

पत्त्याच्या प्रश्नावर भूशास्त्राच्या बाजूने लिहितो. सर्व कचरा पाताळात नेण्याची गरज नसते, आणि सगळा जमिनीलगत ठेवताही येत नाही. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षे आहे, म्हणून दहा अर्धायुष्यांचा, म्हणजे ३०० वर्षांचा हिशेब धरून जमिनीलगतच्या काँक्रीटच्या कोठड्या आखल्या जातात. एवढा काळ पहारा, निचरा आणि नोंदी टिकवता येतील असे समाज गृहीत धरतो. ते गृहीतक धाडसी आहे, पण त्याची कल्पना तरी करता येते.

कार्बन-१४, क्लोरीन-३६ आणि बेरिलियमच्या परावर्तकांतील बेरिलियम-१० यांना हा हिशेब लागू होत नाही. क्लोरीन-३६ तर पाण्याबरोबर सहज वाहते आणि खनिजांना फारसे चिकटत नाही, त्यामुळे तिथे खडकातल्या पाण्याचा वेगच महत्त्वाचा ठरतो. बेरिलियममध्ये युरेनियमचा अंश असेल, तर त्यापासून प्लुटोनियमसारखी जड मूलद्रव्येही तयार झालेली असतात. म्हणजे हातात मावणारा एक ठोकळा, आणि त्याला पाचशे मीटर खोल जागा हवी!

इथे लहान देशांची कोंडी होते. नॉर्वेतील हाल्डन येथील भट्टी २०१८ मध्ये आणि शेलर येथील २०१९ मध्ये कायमची बंद झाली. त्या देशात अणुवीज नाही, परंतु सुमारे १७ टन वापरलेले इंधन आहे. त्यातील मोठा भाग धातुरूप युरेनियमचा, ॲल्युमिनियमच्या आवरणातला आहे. धातुरूप युरेनियम पाण्याशी अभिक्रिया करते, त्यामुळे ते तसेच्या तसे खडकात पुरता येत नाही. आधी त्यावर प्रक्रिया हवी, आणि एवढ्याशा साठ्यासाठी स्वतःचा कारखाना काढणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. ऑस्ट्रेलियाची हायफर भट्टी २००७ मध्ये बंद झाली. किंबा येथे नियोजित असलेली राष्ट्रीय कचरा-सुविधा न्यायालयाच्या निर्णयानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रद्द करण्यात आली, कारण तिथल्या मूळ रहिवाशांनी लढवलेल्या खटल्यात, मंत्र्यांनी जागेचा निर्णय पूर्वग्रहाने घेतल्याचा संशय न्यायालयाने रास्त ठरवला होता. खडक योग्य असणे पुरेसे नसते, हे आम्हा भूशास्त्रज्ञांना फार उशिरा उमगले.

उलटतपासणी

मग अनेक देशांनी मिळून एकच जागा का करू नये?

खडकवाचक

कल्पना जुनी आहे आणि तांत्रिकदृष्ट्या निर्दोषही आहे. दुसऱ्याचा कचरा आपल्या भूमीत घेण्यास कोणी राजी होत नाही, एवढीच तिची अडचण आहे. इंधनापुरते मात्र काही प्रमाणात घडले. ज्या देशाने समृद्ध युरेनियम पुरवले त्यानेच ते परत घ्यावे, या तत्त्वावर अमेरिका आणि रशिया यांनी अनेक संशोधन भट्ट्यांचे इंधन परत नेले. सर्बियातल्या विन्चा येथे ते सर्वांत बिकट होते. तिथली जड पाण्याची भट्टी १९८४ पासून थांबलेली होती आणि तलावातल्या इंधनाचे ॲल्युमिनियमचे आवरण गंजून सीझियम पाण्यात उतरले होते. हजारो इंधनघटक नव्या डब्यांत भरून डिसेंबर २०१० मध्ये रशियात पोहोचले. परत नेले ते इंधन. भट्टीचे काँक्रीट आणि धातू यांना मात्र परतीचे तिकीट कोणी देत नाही.

नवोदिता

सर्वांच्या उत्तरांबद्दल आभारी आहे. शेवटचा प्रश्न विचारते. एखादी भट्टी आज चालू आहे आणि तिथल्या संशोधकांना पुढच्या पिढीचे काम सोपे करायचे आहे, तर त्यांनी नेमके काय जपून ठेवावे?

मोजणीदार

प्रयोगांच्या नोंदी हे उघड उत्तर आहे. त्यातही कोणता पदार्थ गाभ्याजवळ नेला याची नोंद विशेष हवी. फिनलंडमधल्या फिर-१ या भट्टीत कर्करोगावरील उपचारांसाठी ॲल्युमिनियम फ्लोराइड, ॲल्युमिनियम आणि लिथियम फ्लोराइड यांच्या मिश्रणाचा एक खास ठोकळा वापरला गेला होता. लिथियमपासून ट्रिशियम तयार होते, त्यामुळे त्या ठोकळ्याच्या घटकांची नोंद कचऱ्याच्या दृष्टीनेही मोलाची ठरते.

कमी बोलले जाणारे उत्तर म्हणजे साक्षी-नमुने. टाकीसाठी आणलेल्या ॲल्युमिनियमचा, भिंतीसाठी ओतलेल्या काँक्रीटचा आणि त्यातल्या सळयांचा एकेक तुकडा न्यूट्रॉनांपासून दूर, नाव-तारीख लिहून ठेवून द्यावा. त्यातला कोबाल्ट आणि युरोपियम यांचा अंश नंतर कधीही मोजता येतो, आणि गाभ्याभोवती काय तयार झाले असेल याचे गणित अंदाजावर न राहता मोजणीवर उभे राहते.

जुन्या भट्टीत असे नमुने कोणी ठेवलेले नसतात. तिथे आम्ही त्याच भिंतीच्या सर्वांत बाहेरच्या, न्यूट्रॉन पोहोचलेच नसतील अशा कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडून काँक्रीटचा दंडगोल काढत असू. काम फार तर अर्ध्या दिवसाचे होते. अट एवढीच होती, की तो कोपरा आणि आतली भिंत एकाच वेळी ओतलेली आहेत हे सांगणारा बांधकामाचा मूळ नकाशा कोणाच्या तरी कपाटात शिल्लक असला पाहिजे.